अमेरिकेतील अर्थसंकल्पीय संघर्ष आणि शिक्षणाचा निधी : पेल अनुदानाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

सप्टेंबर महिना संपत आला की वॉशिंग्टनमधील अर्थसंकल्पाच्या वादाच्या बातम्या आपल्याकडील वृत्तपत्रांतही येऊ लागतात. सरकारी कार्यालये बंद पडणार, संग्रहालयांना कुलुपे लागणार, कर्मचाऱ्यांचे वेतन थांबणार, एवढे वाचून वाचक पान उलटतो. या वादाचा शाळेतील वर्गाशी किंवा महाविद्यालयात प्रवेश घेऊ पाहणाऱ्या गरीब विद्यार्थ्याशी काय संबंध आहे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात तो संबंध उलगडून दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. या संघर्षांत शिक्षणावरील खर्चाचे आकडे अखेरीस जितके घटतात, त्यापेक्षा अधिक हानी पैसा केव्हा आणि किती मिळेल याच्या अनिश्चिततेमुळे होते, आणि ही हानी ज्यांच्याजवळ थांबण्याइतकी ऐपत नाही अशांच्या वाट्याला प्रथम येते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

संघर्षाचे मूळ

भारतीय वाचकास हा प्रकार चमत्कारिक वाटणे स्वाभाविक आहे. आपल्या संसदीय पद्धतीत लोकसभेने अनुदानाच्या मागण्या फेटाळल्या तर मंत्रिमंडळास सत्तेवर राहता येत नाही, आणि अर्थसंकल्प मंजूर होण्यास विलंब लागणार असेल तर लेखानुदानाची सोय आहे. अमेरिकेत अध्यक्ष आणि काँग्रेस, म्हणजे तेथील संसद, स्वतंत्रपणे निवडून येतात. प्रतिनिधिगृह एका पक्षाकडे, सिनेट दुसऱ्याकडे आणि अध्यक्ष तिसऱ्याच विचाराचा, अशी स्थितीही संभवते. कोणी कोणास पाडू शकत नाही. फक्त अडवू शकतो. विनियोजनाचा कायदा नसताना सरकारी विभागाने काम चालू ठेवणे बेकायदेशीर ठरते, असा कडक अर्थ महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनी १९८० व १९८१ मधील आपल्या अभिप्रायांत लावला. तेव्हापासून निधीविना कार्यालये बंद ठेवण्याची, म्हणजेच ‘शटडाऊन’ची, प्रथा रूढ झाली.

१९७४ च्या अर्थसंकल्प कायद्याने काँग्रेसला अधिक वेळ मिळावा म्हणून आर्थिक वर्षाची सुरुवात १ जुलैवरून १ ऑक्टोबरवर नेली. वेळ वाढला, शिस्त मात्र आली नाही. वार्षिक विनियोजनाची सर्व विधेयके वेळेत मंजूर होण्याचा योग त्यानंतर १९७७, १९८९, १९९५ आणि १९९७ या चारच आर्थिक वर्षांत आला. अन्य वर्षी जुनीच तरतूद काही आठवडे वा महिने पुढे चालू ठेवणारे तात्पुरते ठराव करून वेळ मारून नेण्यात आली. सध्या अशी बारा विधेयके असून शिक्षणाची तरतूद श्रम व आरोग्य या विभागांसोबत एकाच विधेयकात असते. आकाराने मोठे आणि वैचारिक वादांनी भरलेले हे विधेयक बहुधा सर्वांत शेवटी मार्गी लागते.

केंद्राचा वाटा : लहान, परंतु नेमक्या जागी

अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेख नाही. शाळा चालविणे हे राज्यांचे व स्थानिक शालेय मंडळांचे काम असून त्यांचा बराचसा पैसा स्थानिक मालमत्ता करातून व राज्याच्या तिजोरीतून येतो. शालेय शिक्षणावरील एकूण खर्चात संघीय सरकारचा वाटा सर्वसाधारण वर्षांत आठ ते दहा टक्क्यांच्या आसपास असतो. एवढ्या लहान वाट्यासाठी एवढा गदारोळ कशाला, असा प्रश्न तेथील काही राजकीय नेतेही विचारतात. परंतु सरासरीचा आकडा येथे दिशाभूल करतो. संघीय पैसा सर्व शाळांवर सारखा पडत नाही. १९६५ च्या प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायद्यातील ‘टायटल वन’ तरतूद गरीब मुलांची संख्या अधिक असलेल्या शाळांसाठी आहे, तर १९७५ च्या कायद्याखालील निधी अपंग मुलांच्या शिक्षणासाठी. श्रीमंत उपनगरातील शाळेस संघीय निधी थांबल्याची जाणीवही कदाचित होणार नाही. गरीब वस्तीतील शाळेत मात्र वाचन शिकविणारी जादा शिक्षिका त्याच पैशावर नेमलेली असते.

अपंग मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. १९७५ च्या कायद्यात राष्ट्रीय सरासरी दरडोई शैक्षणिक खर्चाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत वाटा केंद्र उचलेल अशी कमाल मर्यादा घातली होती. तेथील लोक तिला वचनच समजतात. अर्धशतक उलटले तरी केंद्र त्या आकड्याच्या जवळपासही पोहोचलेले नाही. अलीकडच्या वर्षांत हा वाटा पंधरा टक्क्यांच्या आतच राहिला आहे. मुलास शिकविण्याचे कायदेशीर बंधन मात्र पूर्ण आहे. त्यामुळे तूट भरून काढण्यासाठी शालेय मंडळास अन्य मुलांच्या तरतुदीस हात घालावा लागतो.

दोन कॅलेंडरांची विसंगती

शाळा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात, विद्यार्थी साहाय्याचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि संघीय आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला. शिक्षकांच्या नेमणुका वसंत ऋतूतच ठरवाव्या लागतात. कॅलिफोर्निया राज्यात तर पुढील वर्षी ज्यांची सेवा लागणार नाही अशा शिक्षकांना १५ मार्चपर्यंत प्राथमिक नोटीस देण्याचे बंधन आहे. वॉशिंग्टनमधील गाडी मार्चमध्ये कोठेतरी अडकलेली असली की मुख्याध्यापकास अंदाजावर चालावे लागते, आणि सावध माणूस अंदाज नेहमी कमीचाच धरतो. नंतर पैसा पूर्ण आला तरी चांगला शिक्षक तोवर दुसरीकडे गेलेला असतो.

ही अडचण ओळखून शालेय शिक्षणाच्या मुख्य योजनांसाठी आगाऊ तरतुदीची पद्धत आहे. चालू आर्थिक वर्षात मंजूर केलेला पैसा पुढील शैक्षणिक वर्षासाठी, काही १ जुलैस व काही १ ऑक्टोबरला, उपलब्ध होतो. त्यामुळे काही आठवड्यांचा शटडाऊन बहुतेक शाळा सहन करू शकतात. ज्या योजनांना हे कवच नाही त्यांचे काय होते, हे २०१३ साली दिसले.

२०११ मध्ये राष्ट्रीय कर्जमर्यादा वाढविण्यावरून झालेल्या संघर्षाचा शेवट एका कायद्याने झाला. उभय पक्षांनी तूट कमी करण्याबाबत समझोता केला नाही तर सर्व विभागांच्या खर्चात आपोआप सरसकट कपात लागू होईल, अशी त्यात तरतूद होती. कपात इतकी अविवेकी असेल की तिच्या भीतीने तरी समझोता होईल, हा त्यामागील हिशेब होता. तो चुकला आणि १ मार्च २०१३ रोजी कपात लागू झाली. शिक्षण विभागाच्या बहुतेक योजनांना सुमारे पाच टक्क्यांची कात्री लागली. टायटल वनला तिची झळ नव्या शैक्षणिक वर्षात पोहोचली. परंतु ‘इम्पॅक्ट एड’ ही योजना चालू वर्षाच्या पैशावर चालते. लष्करी तळ आणि मूलनिवासी जमातींच्या राखीव प्रदेशांतील जमिनीवर स्थानिक मालमत्ता कर बसविता येत नाही, म्हणून तेथील शाळांना केंद्र ही भरपाई देते. या शाळांना कपात शैक्षणिक वर्षाच्या मध्यावरच सोसावी लागली. म्हणजे ज्या शाळांना अन्य उत्पन्नाचा आधार सर्वांत कमी, त्यांच्यावर पहिला घाव पडला. गरीब घरांतील लहान बालकांसाठी १९६५ पासून चालत आलेल्या ‘हेड स्टार्ट’ कार्यक्रमातील सुमारे सत्तावन्न हजार जागाही त्या वर्षी कमी झाल्या. चार वर्षांच्या मुलास पुढच्या वर्षी या असे सांगता येत नाही. पुढच्या वर्षी ते त्या वयाचे राहत नाही.

पेल अनुदान : हक्कासारखे, परंतु हक्क नव्हे

उच्च शिक्षणात चित्र वेगळे आहे. तेथे केंद्र थेट विद्यार्थ्याला मदत करते. १९७२ मध्ये सुरू झालेले आणि १९८० पासून ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबॉर्न पेल यांच्या नावाने ओळखले जाणारे अनुदान हा या व्यवस्थेचा पाया होय. हे कर्ज नाही. ते सर्वसाधारणपणे परत करावे लागत नाही. कुटुंबाचे उत्पन्न जितके कमी, तितके अनुदान अधिक. पात्र ठरलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यास ते मिळते, यादी पैसे संपेपर्यंतच चालते असे नाही. या अर्थाने ते हक्कासारखे आहे. परंतु त्याचा बराचसा पैसा निवृत्तिवेतनाप्रमाणे कायमस्वरूपी कायद्यातून न येता दरवर्षीच्या विनियोजनातून येतो. २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांत कमाल अनुदान ७,३९५ डॉलर होते. त्यातील ६,३३५ डॉलर वार्षिक विधेयकाने ठरविले आणि १,०६० डॉलरची भर कायमस्वरूपी कायद्यातून पडली.

या संकरित रचनेतच अडचणीचे बीज आहे. काँग्रेस प्रत्येकास किती द्यायचे हे ठरविते. किती जण येतील हे तिच्या हाती नसते. मंदी आली की नोकऱ्या जातात, लोक महाविद्यालयांकडे वळतात, उत्पन्न घटल्याने पात्र विद्यार्थी वाढतात आणि मंजूर रक्कम अपुरी पडते. नेमका हाच काळ सरकारच्या तुटीचा आणि काटकसरीच्या भाषणांचा असतो. २००७-०८ मध्ये पेल अनुदान घेणारे विद्यार्थी सुमारे ५५ लाख होते; २०११-१२ मध्ये ते ९४ लाखांवर गेले. २०१० च्या कायद्याने बँकांमार्फत दिली जाणारी हमीची शैक्षणिक कर्जे बंद करून सरकारने थेट कर्ज देण्याचे ठरविले आणि बचतीचा मोठा भाग पेलकडे वळविला. तरीही पैसा पुरेना.

त्यानंतरच्या वर्षभरात जे घडले ते या विषयाच्या अभ्यासकाने बारकाईने पाहण्यासारखे आहे. २०११ च्या आरंभी प्रतिनिधिगृहाने कमाल अनुदान ८४५ डॉलरने घटविणारे विधेयक मंजूर केले. ते टिकले नाही. कमाल रक्कम ५,५५० डॉलरवर कायम राहिली आणि दोन्ही पक्षांनी पेल वाचविल्याचे समाधान व्यक्त केले. परंतु एप्रिलमधील तडजोडीत उन्हाळी सत्रासाठी मिळणारे दुसरे अनुदान रद्द झाले. ऑगस्टमधील कर्जमर्यादेच्या तडजोडीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या कर्जावरील शिक्षणकाळातील व्याजसवलत जुलै २०१२ पासून बंद करून त्या बचतीतून पेलसाठी १७ अब्ज डॉलर उभे करण्यात आले. एका विद्यार्थ्याचे अनुदान दुसऱ्या विद्यार्थ्याच्या व्याजातून वाचविले गेले, असे याचे वर्णन करता येईल. डिसेंबरच्या कायद्याने अनुदान घेण्याची आयुष्यभराची मर्यादा अठरा सत्रांवरून बारा सत्रांवर आणली, आणि ती आधीपासून शिकत असलेल्यांनाही लागू केली. नोकरी सांभाळून, एकेक विषय घेत, मध्येच घरच्या कारणाने थांबत शिकणारा प्रौढ विद्यार्थी यात सापडला. त्याने प्रवेश घेतला तेव्हा नियम वेगळा होता.

वृत्तपत्रांतील मथळ्यासाठी एकच आकडा लागतो, तो म्हणजे कमाल अनुदानाचा. त्यास हात न लावता त्याच्या कडा कुरतडल्या की राजकीय किंमत मोजावी लागत नाही. पेलवरील सर्वांत परिणामकारक कपाती ‘पेल वाचले’ या मथळ्याखाली झाल्या, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पुढे अर्थव्यवस्था सावरली, विद्यार्थिसंख्या घटली आणि शिल्लक साचू लागली. २०१७ मध्ये उन्हाळी अनुदान पुन्हा सुरू करण्यात आले; मात्र त्याच कायद्याने साचलेल्या शिलकीतून १.३ अब्ज डॉलर काढून घेतले. वाईट वर्षासाठी राखून ठेवावयाचा पैसा चांगल्या वर्षी अन्यत्र वळवावयाचा आणि वाईट वर्ष उगवले की तूट आली म्हणून पात्रतेचे नियम आवळावयाचे, हे चक्र त्यामुळे चालूच राहिले. दरम्यान खर्च वाढत गेले. १९७० च्या दशकाच्या मध्यास कमाल अनुदानातून सरकारी विद्यापीठातील चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचा राहण्या-जेवणासह वार्षिक खर्च तीन-चतुर्थांशाहून अधिक भागत असे. अलीकडे तो एक-तृतीयांशही भागत नाही. उरलेला भाग म्हणजे कर्ज.

कर्जाचे दर आणि मुदतींचे राजकारण

कर्जाचा व्याजदरही या संघर्षांतून सुटलेला नाही. गरजू पदवी विद्यार्थ्यांच्या व्याजसवलतीच्या कर्जाचा ३.४ टक्के दर मुदतीचा होता. मुदत संपताना काँग्रेसमध्ये एकमत न झाल्याने १ जुलै २०१३ रोजी तो आपोआप दुप्पट, म्हणजे ६.८ टक्के झाला. ऑगस्टमध्ये नवा कायदा होऊन दर बाजारातील सरकारी रोख्यांशी जोडण्यात आले आणि ३.८६ टक्के हा दर पूर्वलक्षी प्रभावाने लागू झाला. अखेरीस कोणाचे फारसे नुकसान झाले नाही, असे म्हणता येईल. परंतु कर्ज घ्यावे की न घ्यावे हे ज्या घरांत जून-जुलैमध्ये ठरत होते, त्यांच्यासमोर ऑगस्टचा कायदा नव्हता. त्याच वर्षी सरसकट कपातीमुळे या कर्जांवरील शुल्कही १ टक्क्यावरून १.०५१ आणि डिसेंबरपासून १.०७२ टक्के झाले. हजार डॉलरमागे प्रथम ५१ सेंट, नंतर ७२ सेंट. रक्कम क्षुल्लक, वर्षाच्या मध्यास सारे हिशेब नव्याने मांडणाऱ्या लिपिकाचे श्रम मात्र क्षुल्लक नव्हते.

२०२३ मधील कर्जमर्यादेच्या संघर्षाचा परिणाम अधिक व्यापक झाला. करोना साथीच्या काळात, मार्च २०२० पासून, संघीय शैक्षणिक कर्जाचे हप्ते व व्याज स्थगित होते. जून २०२३ च्या तडजोडीच्या कायद्याने ही स्थगिती संपविली. सप्टेंबरपासून व्याज व ऑक्टोबरपासून हप्ते सुरू झाले.

शटडाऊन : बंद कार्यालय, अडलेला अर्ज

डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ मधील ३५ दिवसांच्या शटडाऊनमध्ये शिक्षण विभागाचा निधी आधीच मंजूर होता. मग विद्यार्थ्यांना त्रास का व्हावा? कारण करखात्याचा निधी दुसऱ्या विधेयकात होता आणि ते अडले होते. साहाय्याच्या अर्जाची पडताळणी व्हावयाची तर पालकांच्या करविवरणाचा अधिकृत उतारा लागे, आणि तो देणारी खिडकी बंद. पुढे शिक्षण विभागाने स्वाक्षरी केलेली विवरणाची प्रत चालेल, अशी सूट दिली. आपल्याकडील महाविद्यालयांत शिष्यवृत्तीची रक्कम वर्ष सरल्यावर हाती येणे नवीन नाही. तेव्हा ‘मंजूर आहे, पण आलेली नाही’ या वाक्याचा अर्थ मराठी वाचकास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

१ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असा ४३ दिवस चाललेला शटडाऊन तोवरचा सर्वांत दीर्घ ठरला. पेल अनुदान व कर्जांचे वाटप आधीच्या तरतुदींमुळे चालू राहिले. परंतु शिक्षण विभागाचे बहुतांश कर्मचारी घरी बसले, इम्पॅक्ट एडची देणी पुन्हा थांबली, आणि ज्या हेड स्टार्ट केंद्रांच्या अनुदानाचे वर्ष नेमके त्या आठवड्यांत सुरू होत होते त्यांपैकी काहींना दारे बंद करावी लागली. शटडाऊन चालू असतानाच विभागातील चारशेहून अधिक कर्मचाऱ्यांना सेवेतून कमी करण्याच्या नोटिसा निघाल्या. त्यांत अपंग मुलांच्या शिक्षणाचे काम पाहणाऱ्यांचा मोठा भरणा होता. शटडाऊन संपविणाऱ्या कायद्यानेच त्या मागे घ्यावयास लावल्या.

मंजूर पैशाचे अडवणे

येथवर काँग्रेसने कायदा न केल्यास काय होते ते पाहिले. कायदा झाल्यावरही पैसा मिळेलच असे नाही, हे २०२५ च्या उन्हाळ्यात दिसून आले. मार्चमध्ये मंजूर झालेला सुमारे ६.८ अब्ज डॉलरचा निधी १ जुलैस राज्यांना मिळावयाचा होता. शिक्षकांचे प्रशिक्षण, इंग्रजी न येणाऱ्या मुलांचे अध्यापन, शाळेनंतरचे वर्ग, स्थलांतरित मजुरांच्या मुलांचे शिक्षण व प्रौढ शिक्षण यांसाठी तो होता. ३० जून रोजी राज्यांना कळविण्यात आले की फेरविचार चालू असल्याने तूर्त पैसे मिळणार नाहीत. वीसहून अधिक राज्ये न्यायालयात गेली. सत्ताधारी पक्षाच्याच काही सिनेटरांनी पत्र लिहिले. आणि जुलै संपण्यापूर्वी निधी सोडण्यात आला. अध्यक्ष निक्सन यांनी १९७० च्या दशकात मंजूर निधी अडविल्यामुळेच १९७४ च्या कायद्यात अशा अडवणुकीवर निर्बंध घालण्यात आले होते. ते निर्बंध कितपत बांधील आहेत, हा वाद पन्नास वर्षांनी पुन्हा उभा राहिला. शाळेच्या दृष्टीने पाहिले तर जुलैतील तीन-चार आठवडे म्हणजे नेमणुकांचा सारा हंगाम होय.

त्याच जुलैच्या ४ तारखेस झालेल्या कर व खर्चविषयक मोठ्या कायद्यात पेलची संभाव्य तूट भरण्यासाठी १०.५ अब्ज डॉलर देण्यात आले, आणि अल्पमुदतीच्या व्यवसाय प्रशिक्षणासही पेल लागू करण्यात आले. मात्र पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिक्षणाच्या पूर्ण खर्चाइतके कर्ज देणारी योजना १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद करण्याची तरतूद त्यातच आहे. तिच्या जागी पदव्युत्तर शिक्षणासाठी वर्षास २०,५०० व एकूण एक लाख डॉलर, तर वैद्यकीय, विधी आदी व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी वर्षास ५०,००० व एकूण दोन लाख डॉलर अशा मर्यादा घातल्या आहेत. पालकांनी मुलासाठी घ्यावयाच्या कर्जावरही वर्षास २०,००० व एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा आली.

महाराष्ट्रातून शिक्षणासाठी तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्यांचा या मर्यादांशी थेट संबंध नाही, कारण विद्यार्थी व्हिसावरील परदेशी व्यक्तीस संघीय साहाय्य मिळतच नाही. परंतु न्यू जर्सी वा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या, नागरिकत्व अथवा कायम वास्तव्याचा परवाना मिळविलेल्या मराठी कुटुंबांतील मुले अन्य अमेरिकी मुलांप्रमाणेच या साहाय्यास पात्र असतात. खासगी वैद्यकीय महाविद्यालयातील चार वर्षांचा खर्च दोन लाख डॉलरच्या बराच पुढे जाऊ शकतो. वरचा फरक घरच्या पैशातून भरावयाचा की खासगी बँकेकडे जावयाचे, हे त्यांना प्रवेशाच्या वेळीच ठरवावे लागेल. आणि खासगी बँक पालकांची पत पाहते, तर संघीय कर्जाच्या नेहमीच्या योजनांत विद्यार्थ्याची पत पाहिली जात नसे.